देवीच्या इस्पितळाच्या भिंती पडू देऊ नका

न्यूयॉर्कची ईस्ट रिव्हर म्हणायला नदी. खरं तर ती भरती-ओहोटीची खाडीच. तिच्यातल्या रूझवेल्ट बेटाच्या उत्तर टोकाला पन्नासेक फुटांचं करड्या दगडाचं दीपगृह आहे, १८७२ सालचं. दगड बेटावरचाच, आणि तो फोडला इथल्या तुरुंगातल्या कैद्यांनी. बेटाचं तेव्हाचं नाव ब्लॅकवेल. १८२८ मध्ये शहराने ते विकत घेतलं आणि जी माणसं डोळ्यांसमोर नकोत ती इथे आणून ठेवली: कैदी, मनोरुग्ण, निराधार, देवीचे रोगी. १८८७ मध्ये नेली ब्लाय ही तरुण पत्रकार वेडाचं सोंग घेऊन इथल्या मनोरुग्णालयात दहा दिवस राहिली आणि आतले हाल तिने जगापुढे मांडले.

दीपगृह आता सुखरूप आहे. त्याची दुरुस्ती झाली, शेजारी ब्लायचं स्मारक झालं. जीव तुटतो तो दक्षिण टोकासाठी. दीपगृह उभारणाऱ्या जेम्स रेनविकनेच १८५६ मध्ये तिथे देवीचं इस्पितळ बांधलं. आज त्याला छप्पर नाही, मजले नाहीत. टोकदार कमानींच्या खिडक्यांतून नुसतं आभाळ दिसतं. १९७६ मध्ये शहराने ही वास्तू संरक्षित ठरवली, तरी २००७ मध्ये तिची एक भिंत ढासळलीच. मग टेकू लागले. पण टेकूंवर इमारत किती हिवाळे काढणार?

न्यूयॉर्क-न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनो, हा रोग आपल्याला परका नाही. लस टोचण्याला आपल्या घरांत ‘देवी काढणं’ म्हणत. हिंदुस्थानातली पहिली लस १८०२ मध्ये मुंबईतच टोचली गेली, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. माझ्या आजीच्या दंडावरचे वण मी लहानपणी बोटाने चाचपून पाहायचे. १९८० मध्ये जग या रोगातून सुटलं. तो काय होता हे सांगणाऱ्या भिंती आता किती उरल्यात?

येत्या रविवारी मॅनहॅटनहून तारेवरची ट्राम धरा, मुलांना सोबत घ्या. दीपगृहापासून इस्पितळापर्यंत चालत जा; बेट जेमतेम दोन मैलांचं आहे. घरी परतलात की बेटाचा कारभार पाहणाऱ्या राज्य महामंडळाला पत्र लिहा. या दगडांच्या दरजा कधी भरणार, आणि कुंपणाच्या आत आम्हाला कधी येऊ देणार, असं स्पष्ट विचारा. उत्तर येईपर्यंत लिहीत राहा.