फुकटे कोण?

‘लाडक्या बहिणीचे पंधराशे आले आणि बायांनी वावरात यायचे सोडले!’ पांढरकवड्याच्या टपरीपासून यवतमाळच्या बंगल्यांपर्यंत हेच तुणतुणे वाजते आहे. महिन्याला पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांत बाई ऐतखाऊ झाली म्हणणाऱ्यांनी एकदा राळेगावच्या शिवारात दिवसभर उभे राहून दाखवावे. कमरेला ओटी बांधून ती वाकते, बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटे सोलवटतात आणि सांजेला तीस किलो भरले, तर दहाच्या दराने हाती पडतात तीनशे. काटा मालकाचा, दरही मालकाचाच. आणि फुकटी कोण? तर ही!

मजुरी परवडत नाही म्हणणारा कोरडवाहू शेतकरीही काही सावकार नव्हे, तोही नागवलेलाच. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 8110 रुपये हमीभाव जाहीर झाला. पण हंगाम तोंडावर असताना 19 ऑगस्ट 2025 ला केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग थेट डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आमच्या घरात कापूस येतो तोवर! गिरणीवाल्यांनी गाऱ्हाणे मांडले आणि दिल्लीला पाझर फुटला. शेतकऱ्याच्या गाडीत 12 टक्क्यांहून जास्त ओलावा निघाला, की मात्र सीसीआयचे, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचे, दार बंद. याच यवतमाळ जिल्ह्यातल्या दाभडीत 2014 साली ‘चाय पे चर्चा’ रंगली होती, दीडपट भावाची स्वप्ने वाटली गेली होती, हे कुणी विसरले असेल तर असो.

आता हिशेब मांडा. तीनशेत घर चालत नाही, म्हणून सरकार पाच किलो धान्य देते, वर पंधराशे टाकते. त्यामुळे बाई जगते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनशेवर वाकते. स्वस्त वेचणीचा कापूस, स्वस्त कापसाचे सूत, आणि त्या सुतावरचा नफा कुणाचा? मदत वेचणारीच्या पोटात जाते. त्या मदतीमुळे वाचलेली मजुरी मात्र गिरणीच्या ताळेबंदात जमा होते. उद्योगपतींच्या मजुरीचे बिल सरकारी तिजोरी भरते आहे आणि वर शिव्या खाते ती रेशनच्या रांगेतली बाई!

2017 मध्ये फवारणीच्या विषाने या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही दोष मेलेल्यांचाच निघाला होता. म्हणे, मास्क का बांधला नाही!

योजना बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. म्हणेल त्याचे तोंड काळे होवो. पण आयात शुल्क उठवायला एक अधिसूचना पुरते, तर वेचणीचा दर ठरवून तो पाळायला लावायला आणि त्याचा भार कापसाच्या भावात धरायला कोणते शास्त्र आडवे येते? किमान वेतनाचा कायदा देशात 1948 साली आला. तेव्हापासून यवतमाळच्या एका तरी वावरात सरकारी निरीक्षक वेचणीचा काटा तपासायला उतरला असेल, तर प्रशासनाने त्या गावाचे नाव कळवावे. आम्ही ते पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत छापू.