शिवेवर मोटार कां अडते?

शीव कागदावर असते. पोटासाठीं निघालेल्या माणसाच्या पायांस ती दिसत नाहीं. पहांटे मेथीच्या जुड्या घेऊन बाजारास निघालेली माळीण, कारखान्यांत जाणारा सुताराचा पोर, शाळेस निघालेली कुणब्याची मुलगी, यांस गाडी वेळेवर मिळाली म्हणजे झालें. ती कोणाच्या मालकीची, हा त्यांचा प्रश्न नव्हे.

पुणें व पिंपरी-चिंचवड या शेजारच्या महानगरपालिकांनीं २००७ सालीं आपापल्या मोटारसेवा एकत्र करून एकच महामंडळ काढिलें. तोट्याचा भारही ६० व ४० या प्रमाणांत वांटून घेतला. हें योग्यच झालें. पण कडेच्या गांवांचें काय? २०२१-२२ च्या एस. टी. संपांत शहरच्या गाड्या गांवोगांव पोंचल्या. संप मिटल्यावर २०२२ सालींच त्यांतील कांहीं मार्ग बंद करण्याचें ठरलें. गाडी कोणाची, या वादांत प्रवासी मात्र रस्त्यावर उभा!

याचें कारण उघड आहे. जो पैसा देतो त्याचा शब्द चालतो, आणि खेड्यास त्या बैठकींत जागा नाहीं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे निदान दोन-तृतीयांश सभासद नगरपालिकांचे लोकनियुक्त सभासद व पंचायतींचे अध्यक्ष यांनीं आपल्यांतून, लोकसंख्येच्या प्रमाणांत, निवडावयाचे असतात. म्हणजे कायद्यानें सरपंचासही तेथें वाट आहे.

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच कीं, शेजारच्या पांचसात गांवांनीं एकाच मजकुराचा ठराव ग्रामसभेंत करावा: फेऱ्या किती, वेळ कोणती, तोटा कोणी किती सोसावा. आपल्या वांट्याची वर्गणी द्यावयासही तयार असावें. वांटा देणारास कोणी उपरा म्हणूं शकत नाहीं. एकट्या गांवाचा अर्ज टोपलींत जातो. दहा गांवांचा ठराव टेबलावर राहतो.