भटकण्याची विद्या

इंटरनेटवर ज्ञानाचा आणि करमणुकीचा साठा अमर्याद आहे, असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खोटे नाही. तथापि महाविद्यालयातील विद्यार्थी किंवा कचेरीतून घरी परतलेला कारकून या साठ्यापैकी प्रत्यक्षात किती पाहतो, याचा विचार केला म्हणजे निराळेच चित्र दिसते. मोबाइल उघडावा, चार-दोन ठरावीक ठिकाणी जावे, तेथे एकामागून एक येणाऱ्या चित्रफिती पाहाव्यात आणि पुढची चित्रफीत कोणती असावी हे एका अदृश्य यंत्रणेने ठरवावे, असा हा नित्यक्रम झाला आहे. समुद्राकाठी राहून घागरभर पाण्यावर समाधान मानण्याचाच हा प्रकार होय. वास्तविक उपयोगाची, मौजेची किंवा नुसतीच विलक्षण अशी असंख्य संकेतस्थळे जगभरच्या हौशी माणसांनी निर्माण करून ठेवली आहेत. ती धुंडाळून काढणे ही एके काळी या माध्यमाची मुख्य गंमत होती. ती गंमत का लोपली आणि तिच्याबरोबर समाज काय गमावीत आहे, हा प्रश्न केवळ फावल्या वेळेपुरता नाही.

मागे वळून पाहिल्यास असे दिसते की, या माध्यमाचा जन्मच मोकळेपणातून झाला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. त्या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी हे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता जगाला खुले करून दिले. त्यानंतर ज्याला जे सुचेल ते त्याने मांडावे, असा जणू बाजारच भरला. पण त्या बाजाराचा नकाशा कोणापाशीच नव्हता. म्हणून माणसांनीच याद्या केल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये आपल्याला आवडलेल्या स्थळांची विषयवार यादी तयार केली. तिचेच पुढे ‘याहू’ झाले. १९९८ मध्ये स्वयंसेवकांनी चालविलेली ‘ओपन डिरेक्टरी’ सुरू झाली. ‘स्टंबलअपॉन’ या २००१ मध्ये निघालेल्या सेवेची तऱ्हा तर आणखीच निराळी होती. एक कळ दाबावी आणि कोणीतरी अनोळखी माणसाने वाखाणलेल्या, आपण कधीही न ऐकलेल्या एखाद्या स्थळी जाऊन पोहोचावे, असे तिचे स्वरूप होते.

या तिन्ही सोयी आता इतिहासजमा झाल्या आहेत. याहूची विषयवार यादी २०१४ च्या अखेरीस बंद झाली, ओपन डिरेक्टरी २०१७ मध्ये आणि स्टंबलअपॉन २०१८ मध्ये. त्यामागे कोणाचा कट होता असे नव्हे. स्थळांची संख्या इतकी वाढली की हाताने याद्या ठेवणे अशक्य होत गेले आणि शोधयंत्रांनी ते काम अधिक वेगाने करून दाखविले. शोधयंत्र हे वरदानच आहे, यात शंका नाही. परंतु त्याची एक मर्यादा सहसा ध्यानात घेतली जात नाही. ज्याला काय हवे ते ठाऊक आहे त्यालाच ते उपयोगी पडते. एखादी गोष्ट अस्तित्वात आहे हेच ज्याला माहीत नाही, त्याने यंत्राला विचारावे तरी काय? ग्रंथालयात पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून देणे आणि स्वतः कपाटांमधून हिंडणे यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे. अनेकांच्या आयुष्याला वळण देणारे पुस्तक हे त्यांनी मागितलेल्या पुस्तकाच्या शेजारी उभे असलेले पुस्तक होते, हा ग्रंथप्रेमींचा जुना अनुभव आहे.

शोधयंत्रांनंतर जो टप्पा आला त्याने तर चिठ्ठी लिहिण्याचेही श्रम वाचविले. वाचकाने काही मागण्यापूर्वीच त्याच्यापुढे ताट वाढून ठेवले जाते. हे वाढप करणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून आहे. सबब वाचक आपल्या आवारातून बाहेर पडणे हा त्यांच्या लेखी तोटा आहे. बाहेरच्या एखाद्या छोट्या, जाहिरातविरहित स्थळाकडे त्याला वाट दाखविण्यात त्यांचा कोणताच लाभ नाही. एखाद्या गोष्टीवर माणूस काल किती वेळ रेंगाळला, यावरून आज त्याला काय दाखवायचे ते ठरते. म्हणजे त्याच्या जिज्ञासेची सीमा त्याच्या कालच्या सवयीने आखली जाते. प्रौढ माणसाच्या बाबतीत हे कदाचित सोसण्याजोगे असेल, पण ज्याच्या आवडी अद्याप घडावयाच्या आहेत अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत ते निश्चितच घातक आहे.

आवाराबाहेर काय आहे, याची थोडी उदाहरणे पाहावीत. जुलै २००७ मध्ये ‘गॅलेक्सी झू’ नावाचे एक संकेतस्थळ सुरू झाले. दुर्बिणीने टिपलेल्या लक्षावधी दीर्घिकांची छायाचित्रे पाहून त्या सर्पिल आहेत की लंबवर्तुळाकार, एवढेच तेथे सांगावयाचे होते. हे काम खगोलशास्त्रज्ञांना एकट्याने आवरणारे नव्हते, म्हणून त्यांनी सामान्य लोकांना हाक दिली. पहिल्या वर्षातच दीड लाखांहून अधिक लोकांनी पाच कोटींहून अधिक नोंदी केल्या. त्यांमध्ये हॅनी व्हॅन आर्केल नावाची नेदरलंड्समधील एक शिक्षिका होती. एका दीर्घिकेखाली दिसणारा विचित्र निळसर डाग तिच्या नजरेस पडला आणि हे काय आहे, असा साधा प्रश्न तिने विचारला. शास्त्रज्ञांनाही त्याचे उत्तर ठाऊक नव्हते. पुढे तो एक प्रचंड वायुमेघ असल्याचे आणि जवळच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रकाशाने तो उजळला असल्याचे दिसून आले. आज खगोलशास्त्रात तो ‘हॅनीज वोरवेर्प’, म्हणजे ‘हॅनीची वस्तू’, या नावाने ओळखला जातो आणि हबल दुर्बिणीनेही त्याची छायाचित्रे घेतली आहेत. शाळेत शिकविणाऱ्या एका तरुणीचे नाव आकाशातील वस्तूला मिळाले, ते तिने सहज एका संकेतस्थळी डोकावून पाहिले म्हणून.

जी गोष्ट आकाशाची तीच सूक्ष्म सृष्टीची. वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ मध्ये ‘फोल्डिट’ हा खेळ सादर केला. प्रथिनांच्या साखळ्यांची योग्य घडी शोधून काढणे हाच त्यातील डाव आहे. माकडांमध्ये एड्ससारखा रोग उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूच्या विकराची रचना संशोधकांना दहा वर्षांहून अधिक काळ हुलकावणी देत होती. या खेळाडूंनी अवघ्या तीन आठवड्यांत तिचा उपयुक्त आराखडा सिद्ध केला आणि २०११ मध्ये तो शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, हे समीकरण मनात पक्के झालेल्या पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी हे उदाहरण अवश्य लक्षात ठेवावे.

निव्वळ मौजेच्या खेळांतही भेद असतो. जॉश वॉर्डल या अभियंत्याने आपल्या सहचारिणीसाठी पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा ‘वर्डल’ हा खेळ केला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सर्वांना खुला केला. दिवसाला एकच कोडे, सहा प्रयत्न आणि जाहिरात नाही, असा तो मामला होता. काही महिन्यांतच तो लक्षावधी लोक खेळू लागले आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. ‘आजचे झाले, आता उद्या या’, असे खेळाडूला सांगणारा खेळ हा त्याला रात्रभर जागविणाऱ्या खेळापेक्षा जातीनेच वेगळा आहे. २०१३ मध्ये निघालेल्या ‘जिओगेसर’मध्ये जगातील एखाद्या रस्त्याचे दृश्य समोर येते आणि झाडे, पाट्या, घरांची छपरे यांवरून ते ठिकाण ओळखावे लागते. त्याचा बराचसा भाग पुढे वर्गणीदारांसाठी राखला गेला; परंतु रस्त्यांची दृश्ये दाखविणारे गूगलचे नकाशे विनामूल्य आहेत. भारतात ही सोय २०२२ मध्ये ज्या दहा शहरांपासून सुरू झाली, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही होती. भूगोलाच्या शिक्षकाने वर्गात असा एक डाव मांडला, तर नकाशावाचनाचा कंटाळवाणा तास विद्यार्थी सहसा विसरणार नाहीत.

ही उदाहरणे परकी वाटत असतील तर मराठीतील पाहावीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि य. रा. दाते यांच्या मंडळाचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाने संगणकावर सर्वांना खुले केले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश विनामूल्य वाचता येतो. काड्यापेटी, सायकलची नळी, रिकाम्या बाटल्या यांपासून विज्ञानाची खेळणी कशी करावी, हे दाखविणारे अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ तर खजिनाच आहे. पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या स्थळावर खेळण्यांबरोबरच मराठीसह अनेक भाषांतील पुस्तकेही मुक्तपणे उतरवून घेता येतात. प्रयोगशाळा नसलेल्या खेड्यातील शाळेला याहून मोठी देणगी कोणती असणार? तरीही ही स्थळे मराठी शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या नित्याच्या बोलण्यात यावीत तितकी येत नाहीत. ती दाखविणारे कोणी नाही, हेच त्याचे कारण होय.

न पाहिलेल्या वस्तूचे दुसरे दैव म्हणजे ती नाहीशी होते, आणि तरी कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही. लक्षावधी सामान्य लोकांनी ‘जिओसिटीज’वर उभारलेली घरगुती पाने मालक कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये पुसून टाकली. काही स्वयंसेवकांनी धावाधाव करून जेवढी जतन केली तेवढीच उरली. ‘फ्लॅश’ या तंत्रावर चालणाऱ्या खेळांचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला. तेथेही हौशी मंडळी आणि सॅन फ्रान्सिस्कोचे ‘इंटरनेट अर्काइव्ह’ पुढे सरसावले, म्हणून त्यांपैकी बरेच खेळ वाचले. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये दाखवून दिले की, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. मराठीची हानी तर दुहेरी आहे. युनिकोडची लिपिव्यवस्था रूढ होण्यापूर्वी प्रत्येक वृत्तपत्र आणि प्रकाशक आपापला टंक वापरीत असे. त्या काळातील जी पाने टिकली, त्यांतीलही अनेक आज निरर्थक चिन्हांची रांग म्हणून दिसतात. शिलालेख वाचणारे तज्ज्ञ आपल्याकडे आहेत, पण पंचवीस वर्षांपूर्वीचा मराठी मजकूर वाचता येऊ नये, ही विसंगती लाजिरवाणी आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जाईल. विद्यार्थ्यांचे लक्ष आधीच विचलित झालेले असताना त्यांना आणखी भटकावयास का सांगावे? शिवाय अनोळखी स्थळी फसवणुकीची भीती असतेच. ही भीती अनाठायी नाही. जे स्थळ विनाकारण नाव, दूरध्वनी क्रमांक किंवा बँकेचा तपशील मागते तेथून तात्काळ परतावे, हा धडा शाळेत शिकविलाच पाहिजे. परंतु विचलित होण्याचा मुद्दा मात्र उलटा आहे. स्वतःच्या प्रश्नाचा माग काढीत हिंडणाऱ्या मुलाचे चित्त एकाग्रच असते. अंगठ्याच्या एका हालचालीसरशी पुढची चित्रफीत पाहणारा मुलगा कोठेच जात नसतो. बाजारात चोर असतात म्हणून मुलांना बाजार दाखवावयाचाच नाही, असे कोणी शहाणे पालक म्हणत नाहीत. त्यांचे बोट धरून ते त्यांना घेऊन जातात.

हे बोट कोणी धरावयाचे, याचे उत्तर अवघड नाही. प्रत्येक शाळेच्या फळ्यावर सुविचाराशेजारी आठवड्याला एका चांगल्या संकेतस्थळाचे नाव आणि ते का पाहावे याच्या दोन ओळी लिहिण्यास एक पैसाही खर्च येत नाही. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी नव्या पुस्तकांच्या यादीप्रमाणे अशी यादी लावावी. जिल्हा ग्रंथालयांनी ती एकत्र करावी. वृत्तपत्रांनी चित्रपटांच्या परीक्षणाला जेवढी जागा दिली, तिचा दशांश याला द्यावा. यंत्राने काढलेली यादी आणि माणसाने केलेली शिफारस यांत मोठा फरक आहे. शिफारस करणाऱ्याला आपल्या नावाची लाज राखावयाची असते.

शासनाचेही एक कर्तव्य आहे. छापील पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे पाठविण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर घातले आणि त्यामुळे कितीतरी मराठी ग्रंथ आज पाहावयास मिळतात. तो कायदा छापील पुस्तकाचा विचार करून झालेला आहे. ब्रिटनने २०१३ मध्ये आपल्या अशाच नियमांची व्याप्ती संकेतस्थळांपर्यंत वाढविली. मराठीतील स्थळांची नियमित प्रत काढून ती राखून ठेवणे, जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणे, ही कामे महाराष्ट्र शासनाने भाषाविषयक संस्थांकडे सोपवावीत. अभिजात भाषेचा दर्जा मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. त्या दर्जाचा सांभाळ ताम्रपटांबरोबर संगणकावरील पानांच्या जतनानेही होणार आहे.

तोपर्यंत शिक्षकांनी शासनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. येत्या सोमवारी फळ्यावर एक नाव लिहिता येईल आणि ते पाहून एखाद्या विद्यार्थ्याने ‘सर, मलाही एक सापडले’ असे सांगितले, तर दुसऱ्या आठवड्याची ओळ त्याच्याकडूनच लिहून घ्यावी.