अवतरणचिन्हांतील स्त्री

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत स्त्रियांची संख्या वाढली की बातमीतील स्त्रीचे स्थान आपोआप सुधारेल, हा विश्वास गेल्या काही दशकांत इतका सर्वमान्य झाला आहे की त्याची तपासणी करू पाहणे हेच प्रतिगामीपणाचे लक्षण ठरावे. तपासणी मात्र झालेली आहे, आणि तीही स्त्रीवादी चळवळीच्याच पुढाकाराने. बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेच्या वर्षी, १९९५ मध्ये, जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्पाने ७१ देशांतील एका दिवसाच्या बातम्या तपासल्या. ज्यांच्याविषयी बातमी आहे किंवा ज्यांचे म्हणणे बातमीत दिले आहे, अशा व्यक्तींत स्त्रिया १७ टक्के निघाल्या. पंचवीस वर्षांनी, २०२० च्या पाहणीत, ११६ देशांत हे प्रमाण २५ टक्के होते. त्याच पाहणीत बातमीदारांमध्ये स्त्रिया ४० टक्के होत्या. लिहिणाऱ्या दहांत चौघी स्त्रिया आणि बोलणाऱ्या चौघांत एक, अशी ही स्थिती आहे.

स्त्री-बातमीदारांच्या बातम्यांत स्त्रिया काहीशा अधिक येतात, हे खरे. २०२० मध्ये त्यांचे प्रमाण ३१ टक्के होते, पुरुष-बातमीदारांच्या बातम्यांत २४. हा फरक हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण स्त्रीच्या नावाने छापल्या जाणाऱ्या बातमीतही दोन-तृतीयांशांहून अधिक माणसे पुरुषच असतात, हाही त्याच आकड्याचा अर्थ आहे. गे टकमन यांनी ‘मेकिंग न्यूज’ (१९७८) या ग्रंथात वृत्तसंकलनाला जाळ्याची उपमा दिली आहे. पोलीस ठाणे, न्यायालय, महापालिका, मंत्रालय, विधिमंडळ अशा ठरलेल्या पाणवठ्यांवर हे जाळे टाकले जाते. नव्याने रुजू झालेल्या बातमीदार स्त्रीला हे जाळे वारशाने मिळते, आणि ते टाकण्याच्या जागाही. जाळे कोणाच्या हातात आहे याचीच मोजदाद करीत राहिले की ते कोठे पडते हा प्रश्न सोयीस्करपणे मागे पडतो.

आणि मोजणीने जे हाती लागते त्याहून गंभीर गोष्ट मोजणीच्या पोटात दडलेली आहे. बातमीत बोलणाऱ्या सर्वांचे बोलणे एकाच जातीचे नसते. एक बोलणे घटनेचा अर्थ लावते, दुसरे घटना अंगावर कशी कोसळली ते सांगते. स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पोलिसिंग द क्रायसिस’ (१९७८) मध्ये पहिल्या प्रकारच्या वक्त्यांना ‘प्राथमिक व्याख्याते’ म्हटले. त्यांनी एकदा घटनेची चौकट आखली की नंतर येणाऱ्या प्रत्येकाला, विरोधकालाही, त्या चौकटीतच बोलावे लागते. २०१५ च्या पाहणीत तज्ज्ञ म्हणून उद्धृत झालेल्यांत स्त्रिया १९ टक्के होत्या, तर स्वतःचा अनुभव सांगणाऱ्यांत ३८ टक्के, म्हणजे बरोबर दुप्पट. स्त्रीला बातमीतून सरसकट वगळले जाते असे म्हणणे म्हणूनच पुरेसे अचूक नाही. तिला साक्षीसाठी बोलावले जाते. निवाडा देण्याचे काम दुसऱ्याकडे असते.

मराठी बातमीच्या वाक्यात ही वाटणी उघड्या डोळ्यांनी पाहता येते. अधिकारी ‘माहिती देतात’, नेते ‘स्पष्ट करतात’, अभ्यासक ‘मत व्यक्त करतात’. स्त्रिया ‘व्यथा मांडतात’, ‘कैफियत मांडतात’, ‘टाहो फोडतात’. अगदीच नाही तर त्यांना ‘अश्रू अनावर होतात’. मराठी क्रियापद लिंगाबरोबर आदरही नोंदवते. मंत्रिपदावरील स्त्री ‘म्हणाल्या’ असते, धुणीभांडी करणारी ‘म्हणाली’. (रिक्षाचालकाच्या वाट्यालाही ‘म्हणाला’च येते. लिंगभेद येथे वर्गाच्या आणि जातीच्या हातात हात घालून चालतो, हे स्त्रीवादी मोजणीने विसरू नये.) उलट ‘तज्ज्ञांनी सांगितले’, ‘जाणकारांच्या मते’, ‘सूत्रांकडून कळते’ या रचनांत कर्ता तृतीयेत किंवा अव्ययाआड लपतो आणि क्रियापद त्याचे लिंग उघड करीत नाही. ही तटस्थता फसवी आहे. वाचक रिकामी जागा सवयीने भरतो, आणि ती सवय त्याला पिढ्यान्‌पिढ्या लावलेली आहे. अधिकाराची वाणी निर्लिंग भासते आणि वेदनेची वाणी हमखास स्त्रीलिंगी असते, ही शैलीची किरकोळ बाब नव्हे.

यावर संपादकीय उत्तर ठरलेले आहे: बातमी हा आरसा आहे; समाजात अधिकारी आणि तज्ज्ञ पुरुषच अधिक, त्याला वृत्तपत्र काय करणार? विदर्भातील कापूस या उत्तराची परीक्षा घेण्यास पुरेसा आहे. निंदण, वेचणी ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. पण शेतीच्या बातमीत ‘शेतकरी’ म्हणून भाव, कर्ज आणि बियाणे यांवर बोलतो तो सातबाऱ्यावर नाव असलेला पुरुष. स्त्री बातमीत येते ती त्याच्या मृत्यूनंतर, भिंतीवरच्या तसबिरीशेजारी. येथे वृत्तपत्राने समाजाचे प्रतिबिंब दाखवलेले नाही. तलाठ्याच्या दप्तरातील व्याख्या तेवढी उतरवून घेतली आहे.

वाङ्मयव्यवहार या बाबतीत वृत्तपत्रांहून शहाणा आहे, असे मानण्याचे कारण नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले आणि वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. डोकी मोजणाऱ्याच्या वहीत येथे काहीच बिघडले नाही: एक स्त्री गेली, दुसरी आली. प्रत्यक्षात राज्यसंस्थेविषयी विधान करणारी वाणी बाहेर ठेवली गेली आणि तिच्या जागी दुःखाची प्रतिनिधी म्हणून एका वाणीची योजना झाली. येडे यांनी व्यवस्थेवरही बोट ठेवले, ही गोष्ट योजनेच्या बाहेरची. त्यांची ओळख मात्र ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी’ हीच राहिली, आणि त्या ओळखीच्या आत जे मावेल तेवढेच त्यांचे म्हणणे मानले गेले.

मोजणीचे समर्थक येथे बीबीसीने २०१७ पासून चालवलेल्या ‘५०:५०’ उपक्रमाचा दाखला देतील. त्या उपक्रमात ज्यांची निवड निर्मात्याच्या हाती आहे अशाच वक्त्यांची गणना होते. पंतप्रधान, प्रत्यक्षदर्शी अशा ज्यांच्यावाचून बातमीच होऊ शकत नाही, त्यांना गणनेतून वगळले जाते. व्यवहार म्हणून हा नियम प्रामाणिक आहे. पण ‘ज्यांच्यावाचून बातमी होत नाही’ ते कोण, हे कोणी आणि केव्हा ठरवले, हाच तर वादाचा मुद्दा. तो नियमाच्या पहिल्याच ओळीत निकालात निघतो. याउलट २००२ मध्ये चित्रकूट येथे ग्रामीण, बहुतांशी दलित स्त्रियांनी सुरू केलेल्या ‘खबर लहरिया’ने बुंदेली बोलीत लिहिताना जाळेच दुसऱ्या जागी टाकले. हातपंप, रेशन दुकान, गावातील अत्याचार हे तेथे वृत्त ठरले, आणि त्यावर अधिकाराने कोण बोलू शकतो याचे उत्तरही बदलले. तेथे केवळ बातमीदार स्त्रिया आहेत म्हणून हे घडले, असे म्हणणे त्यांच्या कर्तृत्वाचा अर्धा भाग पुसून टाकण्यासारखे आहे.

या साऱ्यात मराठी समीक्षेची भूमिका काय? व्होलोशिनोव्ह यांनी १९२९ मध्येच परकीय वाणी स्वतःच्या वाक्यात सामावून घेण्याच्या रीतींना भाषेच्या समाजशास्त्राचा गाभा मानले होते. आपल्याकडे हे विवेचन बाख्तीनच्या वाटेने आले, कादंबरीच्या बहुस्वरतेवर भरपूर खर्ची पडले आणि वृत्तपत्राच्या पहिल्या पानापर्यंत पोचण्याआधी संपले. स्त्रीवादी समीक्षेने आत्मकथने आणि कविता घेतल्या. बातमी पत्रकारिता विभागांकडे गेली, जेथे तिचे रकाने मोजले जातात.

वास्तविक मराठीतील स्त्रीवादी विचाराचा आरंभच वृत्तपत्राच्या वाचनातून झालेला आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. त्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ पत्राने स्त्रीजातीवर जे ताशेरे ओढले, त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध केली. तीन वर्षांनी, दादाजी भिकाजी यांचा दावा मुंबईच्या न्यायालयात असतानाच, रखमाबाईंची बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरील पत्रे ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने छापली गेली. खटल्याच्या वृत्तांतात तिचे नाव आहे आणि बोलतात वकील व न्यायमूर्ती. पत्रव्यवहाराच्या सदरात ती स्वतः बोलते आणि नाव नाही. सुधीर चंद्र यांच्यासारख्या इतिहासकारांनी हे प्रकरण सखोल अभ्यासले आहे. समीक्षेने ते त्यांच्यावर सोपवून दिले. आणि अभ्यासक्रमात ‘स्त्रीपुरुषतुलना’ एक निबंध म्हणून शिकवली जाते, तेव्हा ‘पुणेवैभव’ टेबलावर क्वचितच असतो.