कादंबरी वाचली, मत कोणीं सांगावें?

आपण सध्यां कोणती कादंबरी वाचीत आहां, आणि ती आपणांस कशी वाटली, हें आपणांस कधीं कोणी विचारलें आहे काय? बियाणें कोणतें पेरलें, उंसाला भाव काय मिळाला, मुलीचें कोठें जमलें, हें सारे विचारतात. कादंबरीविषयीं विचारावयाचें तें प्राध्यापकाला, परीक्षण लिहिणाराला, संमेलनाच्या मांडवांतील वक्त्याला! शेतकऱ्यानें व कारागिरानें कादंबरींत यावें, कर्जांत बुडावें, दुष्काळांत मरावें. पण कादंबरी मिटल्यावर तिच्याविषयीं बोलूं नये, अशी वहिवाट पडून गेली आहे. ती वहिवाट आम्हांस मान्य नाहीं.

वहिवाट जुनी आहे, तसा तिच्याशीं तंटाही जुनाच आहे. सन १८८५ मध्यें न्यायमूर्ति रानड्यांनीं मराठी ग्रंथकारांच्या सभेचें निमंत्रण जोतीराव फुल्यांना धाडलें, तेव्हां जोतीरावांनीं येण्याचें साफ नाकारलें. जे आम्हांला माणुसकीचे हक्क देत नाहींत त्यांच्या सभांशीं व पुस्तकांशीं आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाहीं, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पुढें १८८८ मध्यें ‘दीनबंधु’कार कृष्णराव भालेकर यांची ‘बळीबा पाटील’ ही कुणब्याच्या घरची कादंबरी आली. भालेकरांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनीं १९१० पासून १९६७ पर्यंत ‘दीनमित्र’ साप्ताहिक नगर जिल्ह्यांतील खेड्यांतून चालविलें, आणि तो व्याप सांभाळून कादंबऱ्याही लिहिल्या. ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ ही त्यांपैकींच. म्हणजे लिहिणारे आपल्यांत केव्हांच झाले. वाचून उलट बोलणारे मात्र आजही थोडे, आणि जे आहेत ते बोलतात तें घरच्या घरींच.

भिगवणच्या आसपासच्या एका वाडीवर आम्ही मास्तरकी करतों. श्रावणांत देवळांत पोथी लावतात, एकानें वाचावें व दुसऱ्यानें अर्थ सांगावा, ही चाल सर्वांना ठाऊक आहे. तशी आम्ही कांहीं मंडळी शनिवारीं रात्रीं शाळेच्या ओसरीवर कादंबरी लावतों. ज्याला मोठ्यानें वाचतां येतें तो वाचतो. शेतकरी येतात, एक सुतार, एक शिंपी, मासेमारी करणारीं दोन घरें, आणि भांडीं घासून झालीं कीं बायाही येतात. पोथीला उलट प्रश्न विचारण्याची रीत नाहीं, कादंबरीला आहे; एवढाच काय तो फरक. अध्यापक विद्यालयांत आम्हांला कादंबरीचे चार खाने शिकविले होते: कथानक, पात्रें, वातावरण, भाषाशैली. ओसरीवर त्या खान्यांचा उपयोग एकदांही पडला नाहीं. तेथें पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, हें असें घडतें काय?

विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ लावली तेव्हांची गोष्ट जरा सविस्तर सांगतों. ही कादंबरी १९९१ सालची. १९९२ मध्यें तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणानें उठविलेल्या गांवाची आणि पुनर्वसनाच्या नांवाखालीं झालेल्या त्याच्या परवडीची ती हकीकत आहे. आमच्या भागाला ही हकीकत परकी नाहीं. भीमेवरचें उजनी धरण १९८० मध्यें पुरें झालें आणि इंदापूर-करमाळ्याकडचीं गांवेंच्या गांवें त्या पाण्याखालीं गेलीं. त्या पाण्याला यशवंतसागर म्हणतात. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं पळसदेवचें जुनें देऊळ वर दिसूं लागतें. हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात, ते पाहावयास शहरांतून मोटारी येतात आणि पाहुणे म्हणतात, काय सुंदर पाणी आहे!

तिसऱ्या शनिवारीं वाचन चाललें असतां एक म्हाताऱ्या बाई मध्येंच म्हणाल्या, “थांबा वो गुरुजी. ह्यात समदं बराबर हाये. कचेरीचं हेलपाटं हायेत, कागद हायेत, भांडनं हायेत. पर गाव सोडायच्या आदल्या राती बायांनी चुली सारवल्या व्हत्या, ते न्हाई. पान्यात जायाच्या चुली, तरी आमी सारवल्या.” ओसरीवर कोणी बोललें नाहीं. आम्हीं पुस्तक चाळून पाहिलें नाहीं, कारण तो प्रसंग पुस्तकांत आहे कीं नाहीं हा मुद्दाच राहिला नव्हता. बाईंनीं आपलें पान त्या कादंबरीला जोडलें होतें.

परंतु मत म्हटलें कीं त्याला दुसरें मत येऊन भिडणारच. मासेमारी करणारा एक तरुण कोपऱ्यांतून म्हणाला, “आजी, तुमचं गाव बुडालं हे खरं. पर धरान झालं म्हनून आमची चूल पेटली. माझा बा ह्या पान्यामागं हितं आला. आमचं ह्या पुस्तकात कुठं हाय?” भिगवणच्या मासळीबाजारावर किती घरें जगतात हें पाहणारास त्याचें बोलणें उडवून लावतां येणार नाहीं. त्यावर एक ऊंसवाला बोलला कीं आपला फड तरी कोणाच्या पाण्यावर उभा आहे! तो ज्यांचीं जमिनी गेल्या त्यांच्यापैकीं नव्हता, ज्यांना पाणी मिळालें त्यांच्यापैकीं होता, आणि हें त्यानें चारचौघांत आपल्या तोंडानें सांगितलें. ही गोष्ट आम्हीं ग्रामसभेंत कधीं ऐकली नव्हती.

आमचें मत विचाराल तर, कादंबरीकारानें उठविलेल्यांची बाजू घेतली हें योग्यच केलें; एका पुस्तकानें सर्वांचे खटले चालवावे असा नियम नाहीं. पण त्या तरुणाचा प्रश्न तेवढ्यानें निकालांत निघत नाहीं. भोयाची, कोळ्याची, पाण्यावर पोट भरणाराची मोठी कादंबरी ह्या यशवंतसागराच्या कांठीं कोणी तरी लिहावयास हवी, आणि ती मागण्याचा अधिकार त्या तरुणाचा आहे. परीक्षणकार याहून निराळें काय करतात?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आमच्याकडे लौकर संपली. माणदेशांतील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, वाडी मिळून तालीम बांधते, आणि शेवटीं दुष्काळ वाडी उठवितो. मेंढरांचें वर्णन ऐकून धनगर मंडळी खूष होती. पण एकानें हिशेब मांडला: “मास्तरला पगार व्हता, त्यो माघारी गेला. आमची मानसं कुठं गेली, ते फुडचं लिवायला पायजे व्हतं.” आम्ही पडलों मास्तर, तेव्हां हें मत आम्हांला जरा झोंबलें, खोडतां मात्र आलें नाहीं.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) वाचतांना तर दोन तट पडले. बुलढाण्याकडची ही कादंबरी. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ शेतींत राबतो आणि त्याची शहरांत वाढलेली बायको अलका अखेर माहेरचा रस्ता धरते. तरुणांचें म्हणणें, अलकेनें दगा दिला. बायांचा तट म्हणाला, तिला काय सांगून आणलें होतें तें आधीं विचारा! एका मुलीची आई तर स्पष्टच बोलली, “माझ्या पोरीला मी शेतकऱ्याच्या घरी देनार न्हाई, आन् मी सोता शेतकऱ्याची बायको हाये.” आज गांवोगांव तिशी उलटलेले अविवाहित पोरगे पारावर बसलेले दिसतात. त्यांच्यादेखत ही चर्चा झाली. ती कडू होती, पण लग्नाच्या बैठकींत जें झांकून ठेवितात तें एका कादंबरीच्या निमित्तानें उघड्यावर आलें. सगळें दुःखच दुःख लिहिलें आहे, वाट कोठेंच नाहीं, अशीही एकाची तक्रार होती. आम्हांस ती पटत नाहीं. कादंबरी म्हणजे कांहीं शेतकी खात्याचें पत्रक नव्हे.

आतां एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगावयाची आहे. ‘छान आहे’ एवढ्यावर थांबण्याची आपल्याला खोड आहे, आणि पुस्तक आपल्या माणसाचें असलें तर त्यावर ब्र काढूं न देण्याची दुसरी. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (१९५९) ही आमच्या ओसरीवर सर्वांत अधिक रंगलेली कादंबरी. ज्यांना शाळा जवळपास लाभलीच नाहीं त्या अण्णा भाऊंनीं ती लिहिली आणि १९६१ मध्यें तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. दोर वळणाऱ्या घरांतील एक बाई म्हणाली कीं फकिरा घोड्यावर गेला तें डोळ्यांपुढें उभें राहिलें, पण मागें घरांत लेंकरांना काय शिजवून घातलें तें आणखी ऐकावयास हवें होतें. लगेच दोघे तरुण तिच्या अंगावर धांवून गेले, अण्णा भाऊंना नांवें ठेवतेस काय! हें आम्हांला मुळींच आवडलें नाहीं. तिनें नांवें ठेविलीं नव्हतीं, तिनें आणखी मागितलें होतें. ज्या लेखकाला देव्हाऱ्यांत बसवितात त्याचीं पुस्तकें जयंतीला हार घालण्यापुरतीं उरतात. अण्णा भाऊंचें तसें होऊं द्यावयाचें काय?

खर्चाची अडचण आहेच. एका कादंबरीला दिवसाची मजुरी जाते. भिगवणजवळ कागदाचा मोठा कारखाना आहे. कागद येथून जातो, पण पुस्तक होऊन परत येतांना तो वाट चुकतो. १९६७ च्या कायद्यानें सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळण्याची सोय झाली, आणि गांवच्या वाचनालयांतून एक अभिप्राय-वहीही असते. ती बहुधा पुढाऱ्यांसाठीं व साहेबलोकांसाठीं ठेवलेली असते, आणि तींत ‘उपक्रम स्तुत्य आहे’ असें लिहून सही केलेली आढळते. आमची सूचना अशी आहे कीं प्रत्येक कादंबरीला तिची स्वतंत्र चोपडी सुतळीनें बांधावी. ज्यानें पुस्तक नेलें त्यानें परत करतांना चार ओळी लिहाव्या, आपल्या बोलींत, शुद्धलेखनाची भीति न बाळगतां. ज्याला लिहितां येत नाहीं त्यानें बोलावें आणि शाळेंतील पोरानें लिहून घ्यावें. पुढचा वाचक गोष्टीबरोबर मागच्याचें भांडणही वाचील. आमच्या ‘झाडाझडती’च्या चोपडींत चुलीचें तें बोलणें आणि त्याखालीं मासेवाल्याचा प्रश्न, दोन्ही उतरवून ठेविलीं आहेत. संपादकांनीं अशीं मतें पत्रांत थोडी जागा देऊन छापलीं, तर एका गांवचें मत दुसऱ्या गांवाला कळेल.

येत्या शनिवारपासून रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ (१९७१) लावावयाची आहे. तींतील घर शिंप्याचें आहे आणि हकीकत त्याची बायको सांगते. प्रत एकच मिळाली आहे, आणि आमच्या शिंपीदादांच्या घरच्यांनीं ती आधींच वाचावयास नेली आहे.