सिमेंट फासण्याआधी ओल शोधा

रहिमतपूरच्या एका भगिनीने विचारले आहे, 'आमचे घर आजेसासऱ्यांनी बांधलेले. दगडी जोते, वर चुन्यातल्या विटा. दर पावसाळ्यात बाहेरच्या विटांचे पापुद्रे सुटतात आणि आत सासूबाईंच्या उशाशी ओल येते. गवंडी म्हणतो, बाहेरून सिमेंटचा गिलावा करून टाकू. करू का?'

ताई, इतक्यात करू नका. जुनी वीट आणि चुना पाणी शोषतात, पण ऊन पडले की ते हवेत सोडूनही देतात. सिमेंटच्या कडक थरातून ओल सहजी बाहेर पडत नाही. मग ती विटेत कोंडते, नाहीतर घरात उतरते. ओलीबरोबर आलेल्या क्षारांचे विटेच्या पोटात खडे होतात आणि ते विटेचा वरचा भाग ढकलून देतात. भिंतीला लोणा लागतो तो असा. गिलावा केल्यावर पावसाळा-दोन पावसाळे भिंत छान दिसेल, पण पुढे गिलाव्यासकट विटेचे पापुद्रे निघतील. म्हणजे खर्च दोनदा!

तेव्हा आधी ओल कुठून येते ते पाहा. भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा.

१. डाग वरून खाली येत असेल तर सरकलेली कौले नाहीतर गळकी पन्हळ.

२. एकाच जागी बाराही महिने ओल असेल तर मोरी किंवा नळ.

३. डाग जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत चढला असेल आणि वर पांढरी भुकटी असेल, तर ओल जमिनीतली. अंगणातली माती किंवा फरशी जोत्याच्या वर चढली आहे का, ते पाहा. चढली असल्यास उकरून खाली घ्या आणि पाण्याला भिंतीपासून दूर उतार द्या.

शंका वाटली तर ॲल्युमिनियमच्या कागदाचा वीतभर तुकडा आतल्या भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला दिसले तर दोष कोंदट हवेचा आणि स्वयंपाकाच्या वाफेचा. मग खिडक्या उघड्या ठेवा.

विटांचे काम दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा. पाण्याने धुऊ नका, क्षार पुन्हा भिंतीत जातात. सांध्यातला भुसभुशीत चुना इंचभर खोल खरवडून काढायला सांगा. पार झिजलेली वीट अलगद काढून तिथे परसातल्या पडक्या भिंतीची चांगली जुनी वीट बसवावी. ती आधी पाण्यात भिजवून घ्यावी. दरजा भरायला एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू घ्यावी. काम झाल्यावर आठवडाभर ओले गोणपाट लावून ठेवा, चुना घाईने वाळला की भेगाळतो. वरून चुन्याची सफेदी द्या, तैलरंग नको. सफेदीत मीठ घालण्याची पद्धत आहे, पण ओलसर भिंतीला ते नकोच.

एक सावधगिरी! चुना विझवताना तो उकळतो. मुलांना जवळ येऊ देऊ नका. डोळ्यात उडाला तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा.

भिंत फुगली असेल, ओळंब्यात नसेल, किंवा भेगेत बोट जात असेल, तर मात्र घरगुती इलाज पुरे. इंजिनिअरलाच दाखवा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सातारा जिल्हा विसरलेला नाही. विटा सुटलेली भिंत धक्का सोसत नाही.

भिंत वाळेपर्यंत सासूबाईंची खाट दुसऱ्या खोलीत हलवा. बुरशीच्या हवेने खोकला आणि दमा वाढतो. धान्याचे डबे, कपड्यांच्या ट्रंका भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. आणि घरात पैशाची गोष्ट निघाली की ठामपणे सांगा, पहिला खर्च कौलांचा, पन्हळीचा आणि मोरीचा. विटा त्यानंतर. ओलीची वाट बंद झाली की निम्मे काम झालेच म्हणून समजा.