कठड्याविना विहीर

गोमंतकातील घर म्हटले की पुढे तुळशीवृंदावन आणि मागे परसात विहीर, हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. या विहिरीला आपण गंगामाईचे रूप मानले, सणावारी तिला हळदकुंकू वाहिले. परंतु तिच्याभोवती धड कठडा आहे की नाही, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही. मे महिन्यात शहरांतील नातवंडे आजोळी येतात आणि त्यामागोमाग पावसाळा येतो. उन्हाळ्यात तळाशी गेलेले पाणी जांभ्याच्या थरांतून झिरपत आषाढात काठाशी येऊन ठेपते. ही चौकशी करण्याची वेळ हीच होय.

पूर्वी कठड्यावाचून भागत असे, त्याला कारण होते. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत विहिरीवर माणसांचा राबता असे. कोणी पाणी शेंदत असे, कोणी धुणे धूत असे. लहान मूल तिकडे वळले, तर आजी, काकू, निदान शेजारीण तरी त्याचा दंड धरीत असे. तो राबता हाच विहिरीचा खरा कठडा होता. पुढे ओपा, अस्नोडा, साळावली येथील पाणी नळाने घरोघर आले आणि २०२२ साली ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले देशातील पहिले राज्य होण्याचा मान गोव्याला मिळाला. ही गोष्ट निःसंशय अभिमानास्पद आहे. परंतु नळ आला आणि विहिरीवरचा राबता संपला. विहीर तेथेच राहिली, पाण्याने तितकीच भरलेली. भोवती मात्र कोणी नाही. एकत्र कुटुंबे मोडली, कित्येक घरांना वर्षातील बहुतेक काळ कुलूप असते आणि त्यांच्या परसात शेजारची मुले चेंडू शोधीत शिरतात. विहिरीचा उपयोग सरला, तेव्हाच तिचा धोका वाढला.

त्यात आता नव्या बंगल्यांच्या अंगणातील कमळांच्या व रंगीत माशांच्या कुंडांची भर पडली आहे. ती उथळ असतात म्हणून मालक निर्धास्त असतात. पण रांगत्या मुलाला बुडण्यास वीतभर पाणीही पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. ते निमूटपणे नाहीसे होते. म्हणूनच ‘आम्ही लक्ष ठेवतो’ हे उत्तर पुरेसे नव्हे. लक्ष हे माणसाचे असते, आणि माणसाचे लक्ष चुकते. दगडाचा कठडा चुकत नाही.

उपाय अवघड नाहीत. कठडा चार फुटांच्या आसपास असावा आणि त्याच्याशी धुण्याचा दगड, पालथी बादली अथवा चिऱ्यांची रास असू नये. मुलांना चढण्यास तेवढी पायरी पुरते. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून पाणी शेंदण्यापुरते लहान दार ठेवावे व त्यास कुलूप लावावे. आपल्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. तेव्हा जाळी जस्ताचा मुलामा दिलेली घ्यावी आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासावी. कुंडावरची जाळी मुलाच्या भाराने न वाकणारी हवी. पक्ष्यांसाठी वापरतात ते सैल जाळे मुलाला वाचविण्याऐवजी गुरफटून टाकते. कुत्री, मांजरे पाण्यात पडतात ती पोहता येत नाही म्हणून मरत नाहीत, गुळगुळीत कडेवर पाय टेकत नाही म्हणून थकून मरतात. कुंडाच्या एका कोपऱ्यात खडबडीत चिऱ्यांचा उतार केला, तर तो मुक्या जीव स्वतःच बाहेर येईल.

आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. बुडालेल्या मुलाला उलटे टांगणे, गरगर फिरविणे, त्याचे पोट दाबणे हे प्रकार घातक आहेत. श्वास थांबला असेल, तर तत्काळ तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विहीर कशीतरी झाकून टाकली म्हणजे काम झाले, असेही कोणी समजू नये. ३० मार्च २०२३ रोजी, ऐन रामनवमीच्या दिवशी, इंदूर येथील एका मंदिरात जुन्या बारवेवर घातलेली फरशी कोसळली आणि ३६ भाविक मृत्युमुखी पडले. पायाखाली पाणी आहे, याचाच लोकांना विसर पडला होता. कमकुवत झाकण हे उघड्या विहिरीहून अधिक दगाबाज असते.

उघड्या कूपनलिकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कुंपणाचे व झाकणाचे नियम घालून दिले. घरच्या विहिरीच्या वाट्याला तेवढी आस्था आलेली नाही. २००२ च्या भूजल कायद्यान्वये गोव्यात नवी विहीर खोदण्यास परवानगी लागते. त्या परवानगीतच कठड्याची व जाळीची अट घालावी. जुन्या विहिरींची पाहणी पंचायतींनी पावसाळ्यापूर्वी करावी आणि बंद घरांच्या मालकांस लेखी समज द्यावी, अशी आमची मागणी आहे.

परंतु परसातील विहिरीसाठी सरकारची वाट पाहणे शोभणारे नाही. चतुर्थीपूर्वी घराला रंग काढण्याची आपली रीत आहे. यंदा भिंतीचा रंग एक वर्ष जुना राहिला तरी चालेल. आधी कठडा उभा राहू द्या.